मदत हवी आहे: रेव्हिटमध्ये बोअरची आणि नळाची लाइन वेगळ्या रंगात कशी दाखवायची?

लातूरी_ड्राफ्ट्समन

नमस्कार मंडळी. लातूरला एका छोट्या कन्सल्टंटकडे ड्राफ्टिंग करतो. आजवर सगळं ऑटोकॅडवर व्हायचं. लेयरला रंग दिला की विषय संपला. आता एका मुलींच्या हॉस्टेलचं प्लंबिंग पहिल्यांदाच रेव्हिटमध्ये (बिल्डिंगचं थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) घेतलंय आणि रंगांपाशी गाडी अडकलीय.

आमच्याकडची पाण्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव. त्यामुळे इथं एकाच पाण्यावर भिस्त ठेवून कुणी बिल्डिंग बांधत नाही. या हॉस्टेलला खाली दोन हौद, वर दोन टाक्या. नळाचं पाणी पिण्याला आणि आंघोळीला, बोअरचं आणि टँकरचं पाणी फ्लशला आणि फरशी धुवायला. शिवाय सोलरची गरम लाइन, सांडपाणी, व्हेंट (हवेचा पाइप).

रंगाचा फिल्टर लावला तो सिस्टिम क्लासिफिकेशनवर, म्हणजे रेव्हिटने ठरवून दिलेल्या लाइनच्या वर्गावर. पण रेव्हिटच्या हिशेबी नळ काय नि बोअर काय, दोन्ही 'डोमेस्टिक कोल्ड वॉटर'च! दोन्ही लायनी निळ्याशार. त्यात पाइप रंगतो पण एल्बो आणि टी (वळणाचे आणि तीन तोंडी जोड) काळेच राहतात. एका प्लॅनमध्ये रंग दिसतो, दुसऱ्यात नाही. एकेक पाइप निवडून ओव्हरराइड केलं, म्हणजे हाताने रंग बदलला, तर होतं, पण सगळ्या मजल्यांचं तसं करत बसलो तर दिवाळी इथंच.

दुसरं, मालकाचा इंजिनिअर म्हणतो रंग आयएस कोडप्रमाणे (भारतीय मानक) द्या. असा कोड खरंच आहे का?

शाफ्टमधला_माणूस

एकेक पाइप रंगवू नकोस भाऊ. पुढच्या बदलाला पाइप पुसून नवा काढलास की रंग गेला.

बीमवाली_ताई

क्लासिफिकेशन बाजूला ठेव, तुला सिस्टिम टाइप हवाय, म्हणजे त्या वर्गातला आपण नाव दिलेला प्रकार. प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये फॅमिलीज, त्यात पायपिंग सिस्टिम्स उघड. 'डोमेस्टिक कोल्ड वॉटर'वर राइट क्लिक करून ड्युप्लिकेट कर. एकाला 'नळ' नाव दे, दुसऱ्याला 'बोअर'. दोघांचं क्लासिफिकेशन तेच राहील, ते बदलता येत नाही आणि बदलायची गरजही नाही. टाइप प्रॉपर्टीजमध्ये ॲब्रिव्हिएशनचा (छोट्या नावाचा) रकाना आहे तो मात्र भरच, पुढे टॅगला, म्हणजे पाइपावरच्या चिठ्ठीला कामी येतो.

तिथंच ग्राफिक ओव्हरराइड्स आहे. त्यात दिलेला रंग सगळ्या व्ह्यूजमध्ये (प्लॅन, थ्री-डी वगैरे) आपोआप जातो आणि फिटिंग्जनाही लागतो. मात्र तो फक्त रेषांना लागतो. शेडेड थ्री-डीमध्ये पाइप भरीव रंगात हवा असेल तर त्याच खिडकीत मटेरियल द्यावं लागतं. पुष्कळ जण हे सोडतात आणि मग थ्री-डी करडा का दिसतो म्हणून विचारत बसतात.

आता फिल्टर. व्ह्यूवरचा फिल्टर हा सिस्टिम टाइपच्या रंगावर मात करतो. तू आधी केलेले क्लासिफिकेशनचे फिल्टर तसेच राहिले तर वरचं सगळं करूनही पाइप निळाच दिसेल, म्हणून ते आधी काढ. एखाद्या व्ह्यूत वेगळा रंग हवाच असेल तर सिस्टिम टाइपवर नवा फिल्टर कर आणि त्यात पाइप्ससोबत पाइप फिटिंग्ज, पाइप ॲक्सेसरीज, फ्लेक्स पाइप्स या सगळ्यांवर टिक कर. तुझे एल्बो काळे राहिले ते याचमुळे. प्लंबिंग फिक्स्चर्सवर टिक करू नकोस. बेसिनला थंड, गरम आणि सांडपाणी अशा तिन्ही सिस्टिम्स जोडलेल्या, त्यामुळे तो वर्ग घेतला की नियमांच्या यादीतून सिस्टिम टाइपच गायब होतो.

प्लॅनगणिक रंग बदलतो कारण फिल्टर ज्या त्या व्ह्यूपुरता असतो. एक व्ह्यू टेम्पलेट (व्ह्यूच्या सेटिंग्जचा साचा) करून सगळ्या प्लॅन्सना लाव.

पैठणगेट

कोड आहे, आयएस २३७९. पण त्याच्या नादी लागण्याआधी एक बघा. त्यात पाण्याचा मूळ रंग समुद्री हिरवा आहे आणि आकाशी निळा हवेच्या लाइनला आहे. आपण सगळे ड्रॉइंगमध्ये पाणी निळं काढतो. मुळात तो पाइपावर प्रत्यक्ष रंग मारण्यासाठी आहे, कारखान्यात त्याचा उपयोग जास्त. ड्रॉइंगसाठी ऑफिसने आपले रंग ठरवून शीटवर लेजंड (कोणता रंग कशाचा याची यादी) द्यावी, एवढं पुरे. इंजिनिअर साहेबांना तसं लेखी कळवा.

आणि साइटवर गेलात तर गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप फिक्कट पिवळा, थंड पाण्याचा यूपीव्हीसी पांढरा, सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर करडा. तुमचा निळा-हिरवा तिथं कुठेच नाही. वर मिस्त्रीच्या हातात असते काळी-पांढरी झेरॉक्स, तीही घडी घालून खिशात ठेवलेली. म्हणून माझं मत विचाराल तर रंगाइतकाच लाइन पॅटर्न महत्त्वाचा. नळाला सलग रेघ, बोअरला तुटक. पॅटर्न एकेरी रेषेतच नीट वाचता येतो, म्हणून प्लॅनची डिटेल लेव्हल मीडियम ठेवा. फाइनला पाइप दुहेरी दिसतो. आणि पाइपावर ॲब्रिव्हिएशनचा टॅग टाका, म्हणजे रंग गेला तरी अक्षर राहतं.

लातूरी_ड्राफ्ट्समन

ताई, जमलं! नळ निळा, बोअर हिरवी, एल्बोसकट. पैठणगेट दादा, पॅटर्नचं साहेबांनाही पटलं. "काय करलालास रे दिवसभर?" म्हणून विचारत होते, आता प्रिंट बघून गप्प आहेत.

पण एक नवीनच सुरू झालंय. अख्खी बोअरची लाइन मधूनच निळी होते. सिस्टिम टाइप परत 'बोअर' केला की नळाची लाइनही हिरवी. हे काय?

बीमवाली_ताई

दोन्ही लायनी कुठंतरी जोडल्यात. एका जाळ्यात जोडलेल्या पाइपांना रेव्हिट एकच सिस्टिम टाइप देतो. कर्सर पाइपावर ठेवून टॅब दाबत जा, जिथवर जोड आहे तिथवर सगळं उजळेल. दोघांच्या मधला टी सापडेल.

लातूरी_ड्राफ्ट्समन

सापडला. हौदाजवळ आहे आणि मुद्दाम दिलेला आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही तर टँकरचं पाणी नळाच्या लाइनीत घेता यावं म्हणून मालकाने बायपास आणि व्हॉल्व्ह मागितलाय. व्हॉल्व्ह बंद दाखवला तर रंग वेगळे राहतील का?

बीमवाली_ताई

नाही. व्हॉल्व्ह बंद असो की उघडा, रेव्हिट त्याच्यातून सिस्टिम पुढे नेतो.

पैठणगेट

आणि इथं रेव्हिटचंच बरोबर आहे. पिण्याची आणि न पिण्याची लाइन एका व्हॉल्व्हच्या भरवशावर जोडायची नसते. व्हॉल्व्ह गळला किंवा कुणी उघडा विसरला की फ्लशचं पाणी माठात. हॉस्टेल आहे, शंभर घरच्या मुली आहेत.

टी काढून टाका. पिण्यायोग्य टँकर आला तर तो नळाच्या हौदातच रिकामा करायची सोय द्या. त्यासाठी वेगळी भरण लाइन घ्या, तिचं तोंड हौदातल्या पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा वर मोकळं सोडा. पाइपाला पाइप कुठंच लागणार नाही. मॉडेलमध्ये हौदाच्या फॅमिलीला (रेव्हिटमधल्या हौदाच्या वस्तूला) दोन वेगळे इनलेट कनेक्टर, म्हणजे पाइप जोडायची तोंडं द्या. टाकीपाशी सिस्टिम थांबते, त्यामुळे रंगही वेगळेच राहतील. बोअरचं पाणी मात्र त्या हौदात नको, मालक कितीही म्हणोत.

लातूरी_ड्राफ्ट्समन

कळलं दादा. टँकर लाइनसाठी तिसरा सिस्टिम टाइप करतो, केशरी. मालकाशी बोलायचं काम साहेबांवर सोडलंय.