रेंडरमधलं ऊन बेळगावचं का नसतं?

टिळकवाडी_थ्रीडी
परवा इथं एका भावानं लिहिलं: रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या घराच्या चित्रात, आतला दिवसाचा उजेड पाहिजे तर सूर्य बंद करा, प्रत्येक खिडकीत एक पांढरा एरिया लाइट (पसरट खोटा दिवा) ठेवा, छताखाली दोन फिल लाइट (सावल्या उजळणारे जादा दिवे) लपवा, काम खल्लास. खाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून लांबलचक लिहितोय.

अशानं खोली फक्त उजळते. सावलीला दिशाच राहत नाही आणि सोफा फरशीवर टेकलेला वाटत नाही. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात काही शे. डोळ्याला दिवस कळतो तो या उतारावरून, आणि फिल लाइट नेमका तो उतार पुसून टाकतो.

आधी लोकेशन बघा. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरचं तयार टेम्प्लेट कोलोरॅडोतल्या बोल्डरचं येतं, अक्षांश 40. डिसेंबरात तिथं दुपारचा सूर्य साधारण 27 अंशांवर, आपल्याकडं 51 च्या आसपास. दक्षिणेच्या खिडकीचा लिंटल (वरची आडवी तुळई) सात फुटांवर धरला तर तिथं ऊन चौदा फूट आत येतं. आपल्याकडं सहा फूटसुद्धा नाही, आणि दीड फुटाचा छज्जा धरला तर चारच. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत दुपारचं ऊन दाखवणारी चित्रं बेळगावची नाहीतच.

मग काच. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये खिडकीला नुसती ग्लास शेडर (काचेचं मटेरियल) लावली की ऊन काचेतच अडतं, आलं तर दाणेदार. शॅडो रेला (सावली ठरवणाऱ्या किरणाला) काच पारदर्शक करा, नाहीतर काढून टाका. भिंतीचा पांढरा 255, म्हणजे पूर्ण पांढरा, ठेवू नका. खरा चुना-रंग 80 टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत टाकतो. एवढं केल्यावर एक्सपोजर वाढवा. खिडकी थोडी जळाली (पांढरीफटक झाली) तर जळू दे.

वडगाव_स्टुडिओ
तो भाऊ मीच. नाव घ्यायला काय झालं?
माझा गिऱ्हाईक खडेबाजारात गल्ल्यावर बसून व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र बघतो, मोबाइलचा ब्राइटनेस अर्धा. खिडकी जळाली की लगेच फोन, “तिथं पांढरं काय आलंय ओ?” कोपरा काळा दिसला की बायको म्हणते घर अंधारं. तुमचा उतार त्यांना कोण समजावणार? माझी चित्रं एका फेरीत पास होतात.

शहापूरची_वास्तू
लोकेशनचं बरोबर आहे, पण अर्धंच सांगितलंत. आपण 15.85 अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मी उत्तरेच्या खिडकीत ऊन दाखवलं म्हणून एका ज्येष्ठांनी साइटवर सगळ्यांसमोर झापलं होतं, “उत्तरेला ऊन येतं होय गं?” येतं की! सकाळ-संध्याकाळ तिरकं येतं.

टिळकवाडी_थ्रीडी
ताई, मेपुरतं मान्य. जून-जुलैत आपल्याकडं सूर्य दिसतो कुठं? त्या महिन्यांचं रेंडर ढगाळ आभाळाचंच पाहिजे.

निपाणीकर
तुम्ही सगळे सूर्याच्या कोनावर भांडताय. खिडकीबाहेर काय ठेवता ते कुणी बोलणार आहे का नाही?
माझ्या बहिणीनं चित्र बघून घराला होकार दिला. हॉलच्या खिडकीतून निळं आभाळ, झाडं, लांब डोंगर. ताबा मिळाला तेव्हा खिडकीपासून तीन फुटांवर शेजाऱ्याची भिंत, तीही प्लास्टर न केलेली. सकाळी अकराला ट्यूब लावून भाजी निवडते ती. आभाळाचं एचडीआरआय (उजेड देणारा आभाळाचा फोटो) लावलंत म्हणजे त्या भिंतीचं पाप धुतलं जात नाही.

वडगाव_स्टुडिओ
पाप बिप काय? सेटबॅक (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) मी सोडत नाही अण्णा. प्लॅन येतो त्यात शेजार नसतोच. जाऊन बिल्डरला विचारा.

निपाणीकर
बिल्डरनं तुमचंच चित्र पुढं केलं होतं. तुमचं म्हणजे तुमच्यासारख्याचं. साइटवर जाऊन एक फोटो काढायला काय पेट्रोल जळतं?

खानापूर_कौलारू
निपाणीकर, बहिणीचं घर वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅबला झरोका काढता येतो. आमच्या जुन्या घरात माजघराला एक खिडकी नाही, पण कौलांत दोन काचेची कौलं आहेत. भर पावसात तिथं तांदूळ निवडता येतात. पूर्ण ढगाळ आभाळ क्षितिजापेक्षा डोक्यावर तिप्पट उजळ धरतात, त्यामुळं वरून येणारा उजेड पावसाळ्यातसुद्धा पुरतो. हे एका रेंडरमध्ये कुणी दाखवत नाही, सगळ्यांना उघडं निळं आभाळच पाहिजे.

निपाणीकर
तळमजला आहे हो. वर दोन मजले.

शहापूरची_वास्तू
मग त्या भिंतीला तरी पांढरा रंग मारून घेऊ द्या म्हणून शेजाऱ्याला विचारा. तीन फुटांच्या गल्लीत उजेड भिंतीवरून आपटतच खाली येतो. कच्च्या सिमेंटची भिंत त्यातला बराचसा गिळते, पांढरी बराचसा परत देते.
आणि वडगाव, शेजारची इमारत म्हणून एक करडा डबा ठेवायला किती वेळ लागतो? खिडकीतून आभाळाचा केवढा तुकडा दिसतो यावरच आतला उजेड ठरतो. डबा नाही ठेवला तर लोकेशन, काच, एक्सपोजर सगळं बरोबर करूनही चित्र खोटंच.

वडगाव_स्टुडिओ
ठेवतो डबा. पण खोली काळी दिसली म्हणून गिऱ्हाईक पळालं तर भरपाई कोण देणार, तुम्ही? फार तर दोन चित्रं देतो, एक विक्रीचं, एक खरं. खऱ्याचे पैसे वेगळे.

निपाणीकर
खऱ्याचे पैसे वेगळे! वाचा सगळ्यांनी.

टिळकवाडी_थ्रीडी
वडगाव, डबा ठेवून एकदा पाठवा तर खरं. खोली अंधारी निघाली तर खिडकी मोठी करायला, नाहीतर जागा बदलायला प्लॅनवर अजून वेळ असतो. लिंटल पडल्यावर नाही. आणि त्या फाइलमध्ये फिल लाइट सापडला तर मी परत इथंच लिहिणार.