मदत हवी आहे : सुपर टॉप-अपचा डिडक्टिबल आणि नूतनीकरणाच्या तारखा

इंदूरकर मंडळी, आरोग्यविम्याची कामं करणारं इथे कुणी आहे का?

पासष्टीपुढच्या आईवडिलांसाठी दोन पॉलिसी आहेत. मूळ ५ लाखांची, एप्रिल ते मार्च. वर १५ लाखांचा सुपर टॉप-अप (मूळ विम्यावरचं जादा कवच), डिडक्टिबल ५ लाख (म्हणजे तेवढा खर्च आधी मूळ पॉलिसीतून किंवा खिशातून व्हायला हवा), पण ऑगस्ट ते जुलै. घोळ या तारखांचाच आहे.

साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल दर दाव्याला लागतो, सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसी वर्षातल्या एकूण मान्य खर्चाला. समजा जुलैत ४ लाखांचं बिल झालं आणि सप्टेंबरात पुन्हा ४ लाखांचं. मूळ पॉलिसी ४ आणि १ असे ५ लाख देऊन रिकामी होते. सुपर टॉप-अपचं वर्ष मात्र ऑगस्टमध्ये पालटलेलं, म्हणून तिथे सप्टेंबरचे ४ लाखच मोजले जातात, आणि ते डिडक्टिबलच्या आत. ३ लाख खिशातून! तारखा एक असत्या तर तेच ३ लाख सुपर टॉप-अपने दिले असते.

हे ३ लाख आयकरातल्या आरोग्यविम्याच्या वजावटीतही (८०डी म्हणतात ती) बसत नाहीत. ज्येष्ठांचा उपचारखर्च तिथे विमा नसेल तरच चालतो. आपल्याला फक्त हप्त्याची वजावट, ५०,००० पर्यंत, जुन्या करप्रणालीत, हप्ता रोखीने भरलेला नसेल तर. (डिडक्टिबल वेगळा, वजावट म्हणजे डिडक्शन वेगळं. नावं उगाच सारखी.)

आता प्रश्न : सुपर टॉप-अपची तारीख एप्रिलला आणताना कंपनीने कमी मुदतीची पॉलिसी दिल्याचा कुणाला अनुभव आहे? आणि जुन्या आजारांचा पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ (ते आजार विम्यात धरले जाण्याआधी थांबावं लागतं तो काळ) कायम राहिला का?