गल्लीत मुलांना निर्धास्त खेळता यावं म्हणून सोसायटी, वस्ती, शाळा सगळ्यांना एकत्र कसं आणायचं? कुणी केलंय का?

धायरीकर_आई

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला राहतो. एका बाजूला आमची 64 फ्लॅटची सोसायटी, समोर पत्र्याच्या घरांची वस्ती, गल्लीच्या टोकाला महापालिकेची शाळा आणि तिला लागून अंगणवाडी. मध्ये जेमतेम 6 मीटरचा रस्ता. मुलं याच रस्त्यावर खेळतात आणि पाण्याचे टँकरही याच रस्त्यावरून दिवसभर रिव्हर्स घेत आत येतात कारण वळायला जागाच नाही.

मागच्या महिन्यात वस्तीतला पाच वर्षांचा मुलगा बॉल आणायला टँकरच्या मागे गेला. इस्त्रीवाले काका धावत जाऊन टँकरच्या पत्र्यावर हात आपटत ओरडले म्हणून वाचला. मी बाल्कनीतून बघत होते, मला काही सुचेना. माझी मुलगी सात वर्षांची, ती त्याच्याबरोबरच खेळत होती.

यावर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरतंय ते असं की गेट कायम बंद, 8 कॅमेरे लावायचे आणि मुलांनी पार्किंगमध्ये खेळायचं. पार्किंगमध्ये काय गाड्या नसतात का? आणि मी विचारलं की समोरच्या मुलांचं काय, तर सगळे गप्प. मला वाटतं की गल्ली सुरक्षित व्हायची तर ती सगळ्यांसाठीच व्हावी, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. समोरच्या बायकांशी माझं बोलणं म्हणजे फक्त कामाला येणाऱ्या ताईंपुरतं, शाळेत कुणाला भेटायचं माहीत नाही, पालिकेत तर अजिबात नाही. कुणी असं काही केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

घोडबंदर_रोड

सेम आमच्याकडे, फक्त टँकरच्या जागी स्कूल बस. वाचतेय, लिहा कुणीतरी.

पेठेतली_कोल्हापूर

ताई आम्ही केलंय, तीन वर्षं झाली, आणि आधी चुकीचंच केलं म्हणून सगळं सांगते. आमच्या अपार्टमेंटनेही पहिल्यांदा गेट आणि कॅमेरेच लावले. झालं काय, मुलं मागच्या बोळातून बाहेर जायला लागली जिथे कुणाचंच लक्ष नसायचं. कॅमेऱ्यात नंतर बघता येतं हो, पण पोरगं गाडीसमोर आलं तर कॅमेरा हात धरून मागे ओढत नाही. तुमच्या इस्त्रीवाल्या काकांनी जे केलं ते कॅमेऱ्याने झालं असतं का?

मग एका शाळेतल्या बाईंनी सुचवलं की मुलांनाच विचारा. आम्ही दोन्हीकडची वीसेक मुलं बसवली, कार्डशीट दिली आणि म्हटलं आपल्या गल्लीचा नकाशा काढा, जिथे भीती वाटते तिथे लाल टिकली लावा आणि जिथे आवडतं तिथे हिरवी. आम्हा मोठ्यांना वाटलं होतं की मुलं बाग मागणार, घसरगुंडी मागणार. लाल टिकल्या पडल्या त्या विजेच्या उघड्या डीपी बॉक्सवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर जिथे संध्याकाळी दारू पिऊन लोक बसतात, आणि सार्वजनिक संडासाच्या वाटेवर. मुली म्हणाल्या तिथे दिवा नाही, अंधार पडल्यावर आम्ही दोघी दोघी जातो नाहीतर जातच नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरी रात्री लघवी दाबून धरतात हे माझ्या घरापासून चाळीस पावलांवर घडत होतं आणि मला माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट मीटिंगची. आम्ही पहिली मीटिंग रविवारी सकाळी अकराला अपार्टमेंटच्या हॉलमध्ये ठेवली, समोरून एकही बाई आली नाही, आणि आमच्यातले लगेच म्हणायला लागले बघा त्यांनाच नकोय. अहो अकराला त्या आमच्याच घरी भांडी घासत होत्या! नंतर रात्री साडेआठला अंगणवाडीत ठेवली, सतरंजी टाकून सगळे खालीच बसलो, चहा आळीपाळीने. तेव्हा चाळीस जणी आल्या. अंगणवाडी सेविका ताईंना आधी धरा, त्यांना घरातलं प्रत्येक मूल नावाने माहीत असतं आणि त्यांचा शब्द दोन्हीकडे चालतो.

आमच्याकडे तालमीची पोरं होती, त्यांनी रविवारी 5 ते 7 रस्ता बंद ठेवायचं अंगावर घेतलं. दोन्ही टोकांना दोर धरून दोघं उभे राहतात, ॲम्ब्युलन्स आली की दोर खाली. चुन्याने लंगडीचं मैदान आखतो. तुमच्याकडे पुण्यात गणपती मंडळ असेलच, त्या पोरांना विचारा. मंडपासाठी चौकी, वाहतूक शाखा, क्षेत्रीय कार्यालय, अग्निशमन सगळीकडे फिरून परवानगी आणायची त्यांना सवय असते, तुम्ही एकट्या गेलात तर चार महिने जातील.

रिटायर्ड_जेई

धायरीकर ताई, महापालिकेत जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता होतो, रस्त्यांच्या कामावर बरीच वर्षं काढली म्हणून कामाचं तेवढं लिहितो.

तुमच्याकडे लोक पहिली मागणी गतिरोधकाची करतील. थांबा. तुमच्या गल्लीतला धोका वेगाचा नाही, रिव्हर्सचा आहे, त्याला गतिरोधक उपयोगाचा नाही. आणि मागितलाच तर नीट मागा. इंडियन रोड काँग्रेसच्या आयआरसी 99 मध्ये गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, त्यावरून गाडी 25 किमीच्या आसपास वेगाने जावी हा हिशेब. आपल्याकडे लोकांच्या आग्रहाने जेमतेम अर्धा मीटर रुंदीचं टेंगूळ बसवतात, दुचाकीवर मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई त्यावरून उडते. मी असे अपघात पाहिलेत.

टँकरचं उत्तर पालिकेकडे नाही, तुमच्याकडे आहे. टँकर मागवतं कोण? तुमची सोसायटी. मग पैसे देणाऱ्याने सांगायचं की शाळा भरताना, सुटताना आणि संध्याकाळी साडेचार ते सात टँकर येणार नाही, आणि रिव्हर्स घेताना क्लीनर खाली उतरून मागे उभा राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरा सप्लायर. हे लेटरहेडवर लेखी द्या. टँकरची मागची बाजू ड्रायव्हरला दिसतच नाही आणि पाच वर्षांचं मूल तर आरशातही येत नाही.

दिवे, फुटपाथ, शाळेसमोरचं क्रॉसिंग यासाठी पुणे महापालिकेचं सहभागी अंदाजपत्रक आहे, 2006 पासून. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची. फॉर्मवर "परिसर सुरक्षित करावा" असं लिहू नका, त्याचं एस्टिमेट कुणालाच करता येत नाही. "शाळेच्या गेटपासून अंगणवाडीपर्यंत 2 पथदिवे" असं लिहा, शेजारच्या खांबाचा नंबर टाका, फोटो जोडा. उघडा डीपी असेल तर तो महावितरणचा, त्यासाठी 1912 ला फोन. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की तो तिथेच पडून राहतो.

आणि कोल्हापूरच्या ताई, कॅमेऱ्याला अगदीच मोडीत काढू नका. एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून, रिव्हर्सच्या जागेवर असावा, सप्लायरशी वाद झाला तर कामी येतो. आठ मात्र नकोत.

डेल्फ्टहून

मी मूळची साताऱ्याची, सध्या नेदरलँड्समध्ये. इथली मुलं एकटी सायकलने शाळेत जातात ते बघून आपले लोक म्हणतात यांचं बरंय, देशच तसा आहे. तसं नाहीये हो. 1971 साली या एवढ्याशा देशात रस्त्यावर 3,000 च्या वर माणसं गेली आणि त्यात 400 हून जास्त मुलं होती. मग आयाबाया, तरुण पोरं रस्त्यावर उतरली, मुलांचे खून थांबवा असं चळवळीचं नावच होतं, रस्ते अडवून तिथे मुलांना खेळायला बसवायचे. डेल्फ्टमध्ये रहिवाशांनी आपल्या गल्लीतला रस्ता वाकडातिकडा करून, झाडं-कुंड्या ठेवून गाड्यांना माणसाच्या चालीने चालायला लावलं आणि 1976 मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यात जागा मिळाली. आधी गल्ली, मग सरकार, असाच क्रम होता.

माझ्या मुलाच्या शाळेसमोर सकाळी पालकच आळीपाळीने पाटी घेऊन उभे राहतात आणि मुलांना रस्ता ओलांडून देतात, पोलीस नसतो. त्यासाठी आधी ट्रेनिंग घ्यावं लागतं. मीही गुरुवारी उभी राहते.

अजून एक, पुणे महापालिकेने अर्बन95 नावाच्या कार्यक्रमात काम केलंय, तो चालवणारी संस्था इथलीच, हेगची. 95 म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची उंची, सेंटिमीटरमध्ये. तेवढ्या उंचीवरून शहर बघा असं त्यांचं म्हणणं. क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर याची आठवण करून द्या, पालिकेला हा विषय नवा नाही. आणि खरंच एकदा गल्लीत गुडघ्यांवर बसून बघा, पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या मधून काय दिसतं ते. काहीच दिसत नाही.

वस्तीताई

मी पुण्यातच वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करते. वरचं सगळं पटलं पण एका गोष्टीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सुरक्षित गल्ली म्हटलं की ग्रुपवर लगेच सुरू होतं, अनोळखी माणूस दिसला तर फोटो टाका, भंगारवाला दिसला तर फोटो टाका. कृपा करून हे करू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती, आणि मागे होती फक्त व्हॉट्सॲपवरची अफवा. तुमच्या ग्रुपचा पहिला नियम हाच करा की माणसाचा फोटो टाकायचा नाही, खड्ड्याचा टाका, वायरचा टाका.

आणि मुलांच्या लैंगिक छळाच्या केसेसमध्ये करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणारा. गेट बंद करून तो बाहेर राहत नाही, तो आतच असतो. म्हणून मुलांना अनोळखी लोकांची भीती घालण्यापेक्षा, अंगाला कुणीही नकोसा हात लावला तर ओरडायचं आणि सांगायचं हे शिकवा, आणि कुणाला सांगायचं ती माणसं ठरवा. आम्ही प्रत्येक मुलाला घराबाहेरची दोन माणसं निवडायला सांगतो, ती मुलाने निवडायची, आईबापांनी नाही. एका मुलीने किराणा दुकानातल्या आजी निवडल्या होत्या आणि वर्षभराने खरंच त्यांनाच जाऊन सांगितलं. त्या आजींना आम्ही आधीच सांगून ठेवलेलं की असं कुणी बोललं तर मुलीला खोटं पाडायचं नाही, उलटतपासणी घ्यायची नाही, घरी मिटवायचं नाही, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन करायचा. पॉक्सो कायद्यात (2012 चा) कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गल्लीची बदनामी होईल म्हणून दाबून ठेवणं हाही गुन्हा आहे.

शाळेत कुणाला भेटायचं विचारलंत ना, तर शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्याने त्यात 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका. म्हणजे समोरच्या वस्तीतलीच कुणीतरी ताई त्या समितीवर आहे. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडायची मागणी तिच्या तोंडून जाऊ दे, तुमच्या सोसायटीच्या लेटरहेडवरून नको. ते मैदान तिच्या मुलांचं आहे.

धायरीकर_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. वस्तीताई, तुमचं वाचून आमच्या ग्रुपवरचे दोन फोटो मी त्याच रात्री काढायला लावले.

समितीवरच्या ताई सापडल्या आणि त्या आमच्याच मजल्यावर पोळ्या करायला येतात, सहा वर्षं. मला माहीतच नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापकांकडे विषय काढला, मैदानाला मुख्याध्यापक हो म्हणाले पण संध्याकाळी कुलूप उघडायला आणि लावायला जबाबदार माणूस पाहिजे असं त्यांचं म्हणणं. नकाशे काढले, अंगणवाडीत, 23 मुलं. लाल टिकल्या सगळ्यात जास्त कुठे पडल्या असतील? आमच्या सोसायटीच्या गेटवर. वस्तीतल्या मुलांनी लावल्या, वॉचमन काठी उगारतो म्हणून. तो नकाशा मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला, त्यानंतर कॅमेऱ्याच्या बजेटवर फारसं कुणी बोललं नाही. वॉचमन दादांशी चेअरमन स्वतः बोलले, त्यांचं म्हणणं असं की मला तसं करायला कमिटीनेच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. ती सूचना आता लेखी मागे घेतलीय. एक कॅमेरा घेतोय, जेई काकांनी सांगितला तसा.

टँकरवाल्याने वेळा मान्य केल्या, पण क्लीनर अजून कधी उतरतो कधी नाही. इस्त्रीवाल्या काकांना आम्ही शिट्टी दिलीय. रविवारच्या रस्ताबंदीसाठी मंडळाच्या मुलांनी अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही.

आता प्रश्न मैदानाच्या चावीचा. सोसायटीवाले म्हणतात चावी आमच्या ऑफिसात ठेवा, मला ते बरोबर वाटत नाही. तुमच्याकडे कुणाकडे असते?

पेठेतली_कोल्हापूर

आमच्याकडे शाळेचं मैदान नव्हतं पण चुना, दोर, बॉल ठेवायची पेटी आहे, तिच्या दोन चाव्या. एक तालमीत आणि एक बोळाच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या मावशींकडे. त्या रोज चार ते आठ तिथेच असतात, कुणाला शोधत जावं लागत नाही. तुमच्या त्या पोळीवाल्या ताईंना विचारून बघा, त्यांना वेळ नसेल तर इस्त्रीवाले काका आहेतच ना.