कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा तिसऱ्यांदा रिजेक्ट, नवरा तिकडे पीआर आहे, आता काय करू?

अमळनेरची_लेक
नमस्कार सगळ्यांना. माहेर अमळनेर, सासर शिरपूर तालुक्यात. लग्नाला अडीच वर्ष झाली, मिस्टर सास्काटूनला इलेक्ट्रिशियन आहेत, पीआर आहेत म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी आहे, सिटिझन नाहीत अजून. लग्नानंतर २२ दिवस होते, मग एका दिवाळीला ३ आठवडे आले, एवढाच आमचा संसार झाला आतापर्यंत. बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर, त्यांची रात्र तेव्हा माझी शाळेतल्या नोकरीची वेळ.

पहिली फाइल एजंटने भरली, त्याने कारण लिहिलं पर्यटन, आणि अर्जाच्या ८ दिवस आधी पप्पांनी माझ्या खात्यात ६ लाख टाकले कारण एजंट म्हणाला बॅलन्स दिसला पाहिजे. रिजेक्ट. दुसरी आम्ही स्वतः भरली, तेच कागद. तिसऱ्या वेळी सासऱ्यांच्या कापसाच्या शेतीचा सातबारा आणि त्यांचं अ‍ॅफिडेव्हिट जोडलं, तरी तेच पत्र, की मुदत संपल्यावर मी कॅनडा सोडेन याची खात्री वाटत नाही, कारण कुटुंबाचे संबंध वगैरे. अहो माझा नवराच तिकडे आहे, ते मी लपवू कसं?

आता एजंट म्हणतो चौथ्या वेळी आधीचे रिजेक्शन लिहायचेच नाहीत, नवीन पासपोर्ट काढू आणि फ्रेश फाइल टाकू. मला ते पटत नाही पण घरचे म्हणतात त्याला जास्त कळतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले तर झोक्यावर बसल्या बसल्या सगळ्या बायका एकच विचारतात, कवय जाशी, म्हणजे कधी जाणार? काय सांगू त्यांना. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

तापीकाठचा
ताई, सगळ्यात आधी एक काम करा, त्या एजंटला फोन करून सांगा की माझ्या नावाने काहीही सबमिट करायचं नाही. अर्जात सरळ प्रश्न असतो की कॅनडाने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का. तुमचे तिन्ही नकार त्यांच्या सिस्टिममध्ये आहेत, बोटांचे ठसे आहेत, नवीन पासपोर्टने काय होणार? आणि तिथे नाही लिहिलं तर त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० लागतं, खोटी माहिती दिली म्हणून ५ वर्ष बंदी. त्या ५ वर्षांत पीआरचाही अर्ज करता येत नाही, म्हणजे आज नुसता व्हिजिटर अडकलाय, मग संसारच अडकेल. माझ्या मावसभावाच्या बाबतीत हे झालंय म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय, सही त्याची होती, एजंटचं काहीच गेलं नाही.

शिवाय पैसे घेऊन असा सल्ला द्यायला कॅनडाचा वकील लागतो नाहीतर तिथल्या कन्सल्टंटांच्या नियामक संस्थेचं (तिला कॉलेज म्हणतात) लायसन असलेला कन्सल्टंट, त्याला आरसीआयसी म्हणतात. त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं. बघा तुमच्या एजंटचं नाव निघतं का.

केळीबाग_रावेर
मी आता कॅनडात रेजायनाला आहे, बायको माझ्यानंतर २ वर्षांनी आली, तिलाही दोनदा नकार होता म्हणून सांगतो. तुम्हाला आलं तसं नकाराचं पत्र ठरावीक साच्याचं असतं, त्यात खरं कारण कळत नाही. ऑफिसरने आत जे टिपण केलेलं असतं त्याला जीसीएमएस नोट्स म्हणतात, ते मागवा. तुमचे मिस्टर तिथे पीआर आहेत म्हणजे ते अर्ज करू शकतात, फी फक्त ५ डॉलर, सोबत तुमची सही केलेली संमती लागते. कायद्याने ३० दिवसांत द्यायचं असतं, कधी जास्त लागतात. आमच्या नोट्समध्ये लिहिलेलं होतं की खात्यात अचानक मोठी रक्कम आली, सोर्स स्पष्ट नाही, आणि अर्जदाराची स्वतःची नोकरी कागदावर दिसत नाही. तुमचे ६ लाख वाचले आणि मला तेच आठवलं.

सातबारा सासऱ्यांचा आहे ना, तो तुमचा नाही. तुमचं काय ते दाखवा. शाळेत नोकरी आहे म्हणता, मग नेमणूकपत्र, पगार खात्यात जमा होतो त्याचं ६ महिन्यांचं स्टेटमेंट, आणि मुख्याध्यापकांचं रजा मंजूर केल्याचं पत्र, तारखांसकट. ६ महिने मागू नका, उन्हाळी सुटीतले ५ आठवडे मागा, म्हणजे जून मध्यात शाळा उघडते तेव्हा परत यायचं कारण आपोआप दिसतं. आणि पर्यटन, हॉटेल बुकिंग असलं काही नको. नवऱ्याला भेटायला जातेय हेच लिहा, खर्च तो करणार, त्याचा पगार, घरभाडं, टॅक्सचा कागद जोडा.

धुळ्याची_वकीलवहिनी
वरच्या दोघांचं बरोबर आहे पण मूळ प्रश्न मला वेगळा वाटतो. स्पॉन्सरशिप, म्हणजे नवऱ्याने बायकोला कायमचं बोलवायचा अर्ज, का नाही भरली अजून? बायकोला स्पॉन्सर करायला पीआर पुरेसा असतो, सिटिझन असायची गरज नाही, फक्त पीआर असेल तर त्याने राहायला कॅनडातच हवं. आणि सहसा ठरावीक उत्पन्नाची अटही नसते. त्याआधी एक सांगा, त्यांना पीआर मिळाला तेव्हा लग्न झालेलं होतं का? झालेलं असेल आणि त्यांनी सांगितलं नसेल तर वेगळी मोठी अडचण आहे, न सांगितलेल्या जोडीदाराला फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे कुटुंबाला बोलवायच्या प्रकारात, सहसा घेत नाहीत.

तापीकाठचा
वहिनी, पण स्पॉन्सरशिप टाकली तर व्हिजिटर नक्कीच रिजेक्ट होईल ना, कायमचं राहायचंय हे उघडच होतं मग?

धुळ्याची_वकीलवहिनी
हाच गैरसमज आहे भाऊ, आणि त्यामुळेच लोक खोटं लिहायला लागतात. त्यांच्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलंय की पुढे कायम राहायची इच्छा असली तरी तेवढ्यावरून तात्पुरतं येणं नाकारता येत नाही, फक्त मुदतीत परत जाल एवढं ऑफिसरला पटलं पाहिजे. म्हणून पत्रात मोकळं लिहायचं, की हो, आम्हाला एकत्र राहायचंय, त्याची फाइल या नंबरने चालू आहे, ती मंजूर होईपर्यंत मी नियमाने येईन आणि नियमाने परत जाईन. २०२३ च्या मे महिन्यात कॅनडा सरकारने जाहीरही केलं होतं की ज्यांची स्पॉन्सरशिप दाखल आहे अशा जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज लवकर बघितले जातील. हमी कोणी देऊ शकत नाही, मीही देत नाही.

स्पॉन्सरशिपची फाइल तुम्ही कॅनडाबाहेर असताना, म्हणजे फॅमिली क्लासमध्येच भरा. नकार आला तर मिस्टरांना तिकडे अपील करता येतं, कॅनडात राहून भरलेल्या प्रकारात ते मिळत नाही. व्हिजिटरच्या नकाराला अपील नसतं, ६० दिवसांत फेडरल कोर्टात जाता येतं, पण जिंकलात तरी कोर्ट व्हिसा देत नाही, फाइल दुसऱ्या ऑफिसरकडे जाते. तुमच्या केसमध्ये कागदच कच्चे होते, त्यामुळे कोर्टात पैसे घालण्यापेक्षा ते स्पॉन्सरशिपला लावा.

अमळनेरची_लेक
वाचताना डोळ्यात पाणी आलं खरंच, एवढं कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. वहिनी, त्यांचा पीआर लग्नाच्या दीड वर्ष आधीचा आहे. एजंटला आत्ताच मेसेज टाकला, पासपोर्ट परत मागितला. मिस्टर आज रात्रीच नोट्ससाठी अर्ज करणार आहेत. एकच विचारते, आमची लग्नपत्रिका मराठीत आहे आणि सासूबाईंनी लिहून दिलेलं एक पत्र अहिराणीत आहे, ते जोडायचं का, आणि भाषांतर माझी बहीण करेल का, तिचं इंग्लिश चांगलं आहे?

धुळ्याची_वकीलवहिनी
दोन्ही जोडा, सासूबाईंचं पत्र तर नक्कीच. पण भाषांतर घरच्यांचं चालत नाही, बहिणीकडून नको. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या, सोबत त्याचं शपथपत्र आणि मूळ कागदाची सर्टिफाइड कॉपी लावा. बायोमेट्रिकला मात्र परत खान्देश एक्स्प्रेसने मुंबईला धावू नका, व्हिजिटरसाठी दिलेले ठसे १० वर्ष चालतात, स्पॉन्सरशिपला बोलावलं तर तेव्हा जा.