मदत हवी आहे: मालिका ओटीटीला द्यावी का? पैसा नेमका येतो कुठून?

नमस्कार मंडळी,

आम्ही अंबाजोगाईचे सात जण. सोयाबीनच्या पट्टीतून आणि एकाच्या शिकवणीच्या पैशांतून सहा भागांची मालिका केली, अस्सल बीडकडच्या बोलीत. आता एका छोट्या ओटीटीचा (म्हणजे नेटवर मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या ॲपचा) माणूस म्हणतोय, "पाच वर्षं फक्त आम्हालाच द्या. आगाऊ काही नाही, लोक जेवढी मिनिटं बघतील तेवढे पैसे."

त्यांचीच कमाई कशी होते ते कळल्याशिवाय सही करू वाटंना. नेटफ्लिक्स आपल्याकडं वर्गणीवर चालतं. मोबाइलचा प्लॅन २०१९ ला १९९ रुपयांत आला, २०२१ च्या डिसेंबरात १४९ झाला. प्राइम व्हिडिओ वर्गणी घेऊनही जून २०२५ पासून जाहिराती दाखवतं, त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे. आणि २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर आम्ही सगळ्यांनी फुकट बघितली, पण ते चालवणाऱ्या वायकॉम१८ कंपनीनं पाच वर्षांच्या डिजिटल हक्कांना २३,७५८ कोटी मोजले होते! तेव्हा त्यांची भिस्त जाहिरातींवर. मग आमच्या मिनिटांचा भाव कोण ठरवणार?

उत्तर (परभणीहून):
दादा, एवढ्यात सही करू नका. वर्गणीवाल्याला एकेका मिनिटामागं पैसा मिळत नाही. नवा वर्गणीदार आला किंवा जुना टिकला तर मिळतो. म्हणून मिनिटाचा दर तोच ठरवतो, आणि मोजणीही त्याच्याच हातात. दर किती, तो मध्येच बदलता येतो का, महिन्याचा हिशोब दाखवणार का, हे करारात लिहून घ्या. "फक्त आम्हालाच" म्हणत असतील तर किमान हमीची रक्कम (कुणी कितीही कमी बघितलं तरी मिळणारी) आगाऊ मागाच. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या (शॉर्ट्सच्या नव्हे) जाहिरातींतले ५५ टक्के चॅनलला मिळतात. त्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं, हा एक रस्ता आहे. मालिकेतल्या संगीताचे हक्क कुणाचे आहेत? दुसऱ्याचे असले तर कमाई त्याच्याकडं जाऊ शकते.

धागाकर्ता:
ताई, लई उपकार झाले. हलगी-संबळ गावातल्याच कलावंतांनी वाजवलंय, पण लेखी काही घेतलं नव्हतं. उद्याच जाऊन घेतो, त्यांचा वाटाही त्यात लिहितो. कुणी असा करार केलेला असेल तर सांगा: वीस-वीस मिनिटांच्या सहा भागांना किमान हमी किती मागावी? त्या माणसाला सोमवारी उत्तर द्यायचंय.