दोन एलपी, चार बाजू, आणि बाकी सगळा कचरा?

रामबागवाला (इंदूर)
काल 'चार बाजू' यांनी आपल्या इंदूरचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या उत्तम रेकॉर्डिंगची यादी टाकली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मारवा, दरबारी, ललित, मेघ हे राग. एचएमव्ही कंपनीच्या दोन एलपी तबकड्या, चार बाजू, यात सगळे खाँसाहेब आले. खाजगी मैफिलींच्या टेपा म्हणजे खोकला, कपबशा आणि तबल्याची खटखट, नवीन माणसानं त्यांच्या नादी लागू नये. असं.

रात्री दोनदा उठून उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं, आता लिहूनच टाकतो.

मारव्याबद्दल माझं भांडण नाही. 'पिया मोरे अनत देस' मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणतीच नाही. रे आणि ध वर ते असे बसून राहतात की सा कुठे आहे हे आपणच शोधत बसतो, आणि तो सा एकदाचा येतो तेव्हा घरी पोचल्यासारखं वाटतं. पण साहेब, जरा हिशेब करा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. त्यात जलद लयीतलं, द्रुत 'गुरु बिन ग्यान' पण बसवायचंय. राहिली पंधरा-सोळा मिनिटं. खाँसाहेबांचा झुमरा ताल चौदा मात्रांचा आणि त्या लयीत तालाची एक फेरी, म्हणजे एक आवर्तन, जवळजवळ मिनिटाभराचं. म्हणजे विलंबिताला, त्या संथ गाण्याला, हातात पंधरा आवर्तनं! ज्या माणसानं मंद्रातल्या, खालच्या सप्तकातल्या, तीन सुरांवर अर्धा तास काढायचा, त्याला तुम्ही पंधरा आवर्तनांत मोजून टाकलं आणि वर म्हणता सगळे खाँसाहेब आले?

त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये, होळकरांच्या पदरी होते, त्यांनी पोराला मेरुखंड, म्हणजे सूर उलटसुलट मांडायची पद्धत, घोटून दिला. सात सुरांची उलटापालट केली तर 5040 रचना होतात. ही वाट ज्याच्या गळ्यात आहे त्याला वेळ लागतोच, आणि तो वेळ फक्त मैफिलीत मिळायचा किंवा फार तर रेडिओवर. मी खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलं नाही, 13 फेब्रुवारी 1974 ला कलकत्त्यात मोटारीच्या अपघातात ते गेले तेव्हा माझा जन्म पण झालेला नव्हता. माझ्याकडे ते आले ते अशाच एका घासलेल्या कॅसेटमधून, शुद्ध कल्याणच्या. सुरुवातीला कुणीतरी दार लावतं, एक माणूस 'पाणी' म्हणतो, मग तानपुरा, आणि मग तो खर्जातला आवाज. ते 'पाणी' मला आता त्या रागाचाच भाग वाटतं. त्याला कचरा म्हणू नका.

चार बाजू (इंदूर)
मी कचरा हा शब्द वापरला नव्हता, तो तुम्ही वापरला. मी म्हटलं की नवीन माणसानं तिथून सुरुवात करू नये, आणि हे मी परत म्हणतो. माझ्या भाच्याला मी हौसेनं एक मैफिलीची टेप ऐकवली, दहा मिनिटांत म्हणाला मामा हे आजोबा झोपलेत का. त्यालाच नंतर मेघ लावून दिला, 'बरखा रितु आयी', पावसाळ्याचे दिवस होते, पोरगं शेवटपर्यंत हललं नाही. हा माझा पुरावा.

आणि तुमचा हिशेब मला उलटाच दिसतो. पंधराच आवर्तनं आहेत म्हणून त्यातलं एकही वाया गेलेलं नाही. मारव्याची ती बाजू कुठूनही उचला, एक सूर जास्तीचा दाखवा. मैफिलीत गवई चाचपडतो, परत मागे जातो, समोर कोण आलं ते बघतो. एलपीत खाँसाहेबांनी स्वतः ठरवलं काय ठेवायचं.

अजून एक, कुणाला आवडो न आवडो. एलपी त्यांनी जगासाठी गायली. मैफल त्या पंचवीस माणसांसाठी होती. कोपऱ्यात मशीन चालू आहे हे कित्येकदा गवयाला माहीत पण नसायचं. ते आज आपण फोनवर ऐकून निकाल देतो, मला हे बरोबर वाटत नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
मारवा की शुद्ध कल्याण यावर तुम्ही दोघं भांडा, पण मला एक सांगा, अंतरा, बंदिशीचा दुसरा भाग, कुठे आहे? विलंबितात कितीतरी ठिकाणी खाँसाहेब अंतरा म्हणतच नाहीत. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात लहान मुलाला पण आधी अस्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, पूर्ण भरावा लागतो, मग आलाप. आमच्या कृष्णराव शंकर पंडितांचं कुठलंही रेकॉर्डिंग काढा, बंदिश कशी उभी राहते बघा. अर्ध्या बंदिशीची यादी करून त्यात उत्तम काय निवडणार?

रामबागवाला
लष्करवाले, हे तुम्ही प्रत्येक धाग्यात लिहिता. कुमार गंधर्वांच्या धाग्यात पण लिहिलं होतं.

लष्करवाला
कारण उत्तर कुणी देत नाही!

देवास नाका
उत्तर मी देतो. त्यांना शब्द रागाच्या दारापर्यंत हवे होते, आत सूरच. अब्दुल वहीद खाँची विलंबित लय घेतली, देवासच्या रजब अली खाँची तान घेतली, अमान अली खाँची सरगम घेतली आणि तिघांसारखं गायले नाहीत. अंतरा नसणं ही उणीव नाही, तो त्यांचा निर्णय आहे. आणि शब्दाची पर्वा नसती तर तराण्यातल्या निरर्थक वाटणाऱ्या बोलांना फारसी अर्थ असतो म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले असते का? दरबारीतलं 'यार-ए-मन बिया बिया' ऐका, मग सांगा शब्द खाल्ले म्हणून.

लष्करवाला
तराण्याचं मान्य. अंतऱ्याचं नाही. निर्णय चुकीचा पण असू शकतो, मोठ्या माणसाचा असला तरी.

स्नेहलतागंज ताई (इंदूर)
टेपांचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण माझ्या मनात हे पंचवीस वर्षं आहे. माझ्या सासऱ्यांकडे चौदा स्पूल, म्हणजे टेपेची रिळं, होती. त्यातली तीन खाँसाहेबांची, एक इथेच एका वाड्यात झालेल्या बैठकीची, सासरे स्वतः मशीन घेऊन बसले होते आणि खाँसाहेबांना विचारून बसले होते, हे 'चार बाजू' यांना मुद्दाम सांगते. सगळेच चोरून करत नव्हते. तर एक गृहस्थ आले, गाण्यातले मोठे जाणकार म्हणून शहरात नाव, म्हणाले वहिनी, कॅसेटवर उतरवून आठ दिवसांत आणून देतो. आठ महिने झाले. मी तीनदा गेले. चौथ्यांदा त्यांनी स्पूल दिली ती डब्यासकट दिली, लेबल सासऱ्यांच्याच अक्षरातलं, घरी लावली तर आत कुठल्यातरी लग्नाचं बँड आणि बायकांचं हसणं. पुसून टाकलं होतं. सासरे त्यावर एक शब्द बोलले नाहीत, फक्त ते मशीन परत कधी लावलं नाही.

उरलेल्या दोन मी कुणाला देत नाही. लोक मला दडवून ठेवणारी म्हणतात. म्हणू देत.

सराफा रात्री
ताई, वाईट वाटलं, खरंच. पण रागावू नका, तुमच्यासारखे शंभर लोक आहेत या शहरात आणि प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. टेप आतल्या कपाटात, किल्ली आजीकडे, आजी गेली की भंगारवाला. माझ्या मामांच्या घरी असंच झालं, वाडा पाडला तेव्हा पोत्यात भरून गेली. कुणाची होती, कुठला राग, आता कुणालाच माहीत नाही. पुसणारा दोषी आहेच, पण कुलूप लावणारा पण शेवटी तेच करतो, फक्त हळूहळू.

स्नेहलतागंज ताई
मला आणि त्या माणसाला एका ओळीत बसवू नका. मी तीन पावसाळे ते डबे गाद्यांच्या कपाटात सुती कापडात गुंडाळून ठेवलेत. तुम्ही एक पोतं थांबवू शकला नाहीत आणि मला शिकवता?

सराफा रात्री
मी तेव्हा दहावीत होतो.

तरी शब्द मागे घेतो. एका ओळीत बसवायला नको होतं.

मशीनवाला (वडोदरा, दांडिया बाजार)
मी पंधरा वर्षं जुनी स्पूल उतरवतो म्हणून दोन गोष्टी सांगतो, वादात पडायचं नाही पण पडावं लागतंय. टेपा घुसमटलेल्या वाटतात त्यात गवयाचा दोष नसतो. 1200 फुटी स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगानं चालवली तर एका बाजूला 32 मिनिटं मिळतात, पावणेचारवर चालवली तर 64. टेप महाग, त्यामुळे मैफिलीत सगळे पावणेचारवर ठेवायचे. वरचे स्वर, तानपुऱ्याची झणझण, ते तिथेच कमी होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्या मशीनवर मैफल घेतली त्याची बॅटरी उतरली असेल तर टेप हळू चालते, मग चांगल्या मशीनवर ती पळते. वेग 6 टक्के वाढला की पट्टी, म्हणजे सुराची उंची, अर्ध्या स्वरानं चढते, पेटीवरची काळी एक होती ती पांढरी दोन होते. आज फोनवर खाँसाहेबांचं जे काही फिरतंय त्यात असल्या चढलेल्या प्रती मी स्वतः पाहिल्यात. खर्जाचा माणूस, त्याचा आवाज पातळ होतो, ताना घाईच्या वाटतात, आणि लोक त्यावर लिहितात की मैफिलीत ते वेगळे गायचे. वेगळे नाही गायचे भाऊ, मशीन वेगळं होतं.

रामबागवाला
हे वाचून मी माझी शुद्ध कल्याणची कॅसेट काढली आणि तानपुरा जुळवून बघितला. जवळजवळ अर्धा स्वर वर आहे. वीस वर्षं मी चुकीच्या पट्टीत ऐकतोय. आता खाली आणून ऐकली, अंगावर काटा आला. आवाज एकदम छातीतून येतो.

चार बाजू
म्हणजे माझा मुद्दाच सिद्ध झाला ना. ज्या टेपेची पट्टी सुद्धा खात्रीची नाही ती नवीन माणसाला उत्तम म्हणून द्यायची? एलपीत निदान हा घोळ नाही.

मशीनवाला
एलपीत पण आहे. ओरिजिनल तबकडी आणि नंतर साफ करून काढलेली सीडी शेजारी लावा. सुईची खरखर काढायच्या नादात तानपुऱ्याचा वरचा नाद पण काढून टाकलेला मी ऐकलाय. मारव्यात तानपुरा गेला तर रे कशावर टेकवणार? यादीत नुसतं मारवा लिहून भागत नाही, कुठली प्रत ते लिहा.

चार बाजू
हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्याकडे वडिलांची तबकडी आहे, मी सीडी कधी ऐकलीच नाही. लिहीन.

पळसीकर कॉलनी
सगळे इतके वरचं बोलताय म्हणून भीत भीत लिहिते. माझी सुरुवात 'बैजू बावरा'पासून. 1952 चा सिनेमा, 'आज गावत मन मेरो', देसी रागात, एकीकडे द. वि. पलुस्कर, एकीकडे खाँसाहेब. आईनं सांगितलं होतं की यात तानसेनासाठी गाणारा आपल्या इंदूरचा आहे, आणि सिनेमात तानसेन हरतो म्हणून मी रडले होते. मग 'झनक झनक पायल बाजे'. मग कुठे मारवा. या धाग्यात कुणी सिनेमाचं नाव पण घेत नाही याचं मला वाईट वाटतं. संगीतकार वसंत देसाईंनी ते अडाणा रागातलं गाणं त्यांच्याकडून गाऊन घेतलं, किती घरांत तो आवाज त्यामुळेच गेला.

देवास नाका
बरोबर आहे ताई. नवीन माणसाचीच यादी असेल तर तिची सुरुवात तिथून व्हायला हवी, एलपीतून पण नाही. इंदुरात बंबई बाजारातून रोज जाणाऱ्या शंभर जणांना विचारा इथे कोण राहायचं, सांगता येणार नाही. पण ते गाणं लावा, नव्वद जण डोकं हलवतील.

लष्करवाला
आणि सिनेमाच्या गाण्यात अंतरा असतो.

(हे मी चिडवायला लिहिलेलं नाही. काल रात्री परत ललित ऐकलं, 'जोगिया मेरे घर आये'. दोन मध्यमांमधून ते जसे जातात तसं मी कुणाकडून ऐकलेलं नाही, आमच्या घराण्यात पण नाही. एवढं लिहून ठेवतो. अंतऱ्याचं माझं मत तेच आहे.)

चार बाजू
यादीचं नाव बदलतो. 'सुरुवात इथून' करतो, 'सगळे खाँसाहेब' काढून टाकतो, सिनेमाची दोन गाणी वर घालतो. पण मैफिलीच्या टेपा मी त्यात घालणार नाही, पट्टी तपासल्याशिवाय तर नाहीच. आणि मारवा पहिला राहील, त्यावर मी कुणाचं ऐकणार नाही.

रामबागवाला
मारवा पहिला राहू द्या. मी पण तोच ठेवला असता. दुसऱ्या नंबरला माझा शुद्ध कल्याण हवा होता.

स्नेहलतागंज ताई
मशीनवाले, एक विचारते. स्पूल घराबाहेर न जाता उतरवता येते का? मी देणार नाही, कुणालाच. पण तुम्ही मशीन घेऊन आलात तर माझ्यासमोर लावा, मी शेजारी बसणार. एका डब्यावर सासऱ्यांनी फक्त 'खाँसाहेब, पहाट' एवढंच लिहिलंय. मी आजवर लावायचं धाडस केलं नाही.

मशीनवाला
येतो. वडोदऱ्याहून रात्रीच्या बसनं सकाळी पोचतो. तोवर डबा उघडू नका आणि उन्हाजवळ ठेवू नका. साठच्या दशकातली टेप असेल तर आधी हातानं एकदा सावकाश गुंडाळून घेऊ, मगच लावू. आणि घरात कुणाकडे त्या काळातला तानपुऱ्याचा, पेटीचा काही अंदाज असेल तर विचारून ठेवा, पट्टी लावायला उपयोग होईल.

स्नेहलतागंज ताई
सासऱ्यांची पेटी आहे. तिच्यावरच त्या बैठकीआधी सूर धरला होता, असं सासूबाई सांगायच्या.

चार बाजू
ताई, मी पण येऊ का? एका कोपऱ्यात बसेन, खोकणार नाही.

स्नेहलतागंज ताई
या. रामबागवाल्यांना पण घेऊन या. रविवारी सकाळी सातला, पोहे करून ठेवते. फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे सगळ्यांनी.