बासष्ट हजार ग्रंथांची नोंद पूर्ण झाली; वाईची एक दिवसाची सहल कशी आखावी?

प्रश्न : सहायक ग्रंथपाल, पुणे

मी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दाखल नोंदवहीतील ६२ हजार ग्रंथांची संगणकावर नोंद करून प्रत्येकाला बारकोड लावण्याचे आमचे काम साडेतीन वर्षांनी गेल्या मंगळवारी पूर्ण झाले. शेवटचे पुस्तक बांधणी सुटत आलेले एक जुने व्याकरण होते. ते आमच्या परिचर मावशींनी दोन्ही तळहातांवर धरून टेबलापर्यंत आणले, आणि बारकोड वाचला गेल्यावर क्षणभर कोणीच काही बोलले नाही.

सभागृहात चहापान आणि प्रशस्तिपत्रे असा समारंभ होणार आहे. परंतु अशा वेळी परिचर मंडळी चहाचे ट्रे घेऊन फिरतात आणि कौतुक मात्र टेबलामागे बसणाऱ्यांचे होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून आम्हा नऊ जणांना एकाच पंगतीत बसता येईल अशी वाईची सहल रविवारी काढावी, असे मनात आहे. पाचगणी-महाबळेश्वरही त्याच दिवशी करावे, असा दोघांचा आग्रह आहे. एका सहकाऱ्याचे गुडघे दुखतात, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांची काळजी वाटते. विश्वकोशाचे कार्यालय पाहण्याचीही सर्वांची इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मूळचा वाईचा, गणपती आळी

प्रथम आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. पाचगणी-महाबळेश्वर या वेळी वगळावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पसरणी घाट चढून जाऊन परत येण्यात दिवसाचा मोठा भाग गाडीतच जाईल आणि नदीकाठी निवांत बसणे, ज्यासाठी आपण येणार आहात, तेच राहून जाईल. पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर आहे. सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात वाहने तुंबतात, म्हणून पहाटे साडेपाचला निघावे, सुरूर फाट्याला वळावे आणि उन्हे चढण्यापूर्वी गणपती घाटावर पोहोचावे.

ढोल्या गणपतीचे मंदिर पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. सगळे जण समोरून दर्शन घेऊन परततात. आपण मात्र मंदिराची मागची भिंत अवश्य पाहावी. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे यासाठी ती माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे, आणि कृष्णेचे इतके पूर येऊन गेले तरी मंदिर उभे आहे. लहानपणी आम्ही त्या भिंतीला हात लावून पाणी कुठवर चढले होते याच्या खुणा शोधत असू. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या मंदिरातील काळ्या दगडाचा नंदीही पाहण्याजोगा आहे.

त्यानंतर तीन-चार किलोमीटरवरच्या मेणवलीला जावे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि तेथील घंटा ही ठिकाणे घाईने उरकण्याची नव्हेत. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या वेळी तेथील चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर मेरीची आकृती आहे. आपल्यासारख्यांना अधिक जवळचे वाटेल ते मेणवली दप्तर. इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेली ती कागदपत्रे याच वाड्यातली.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, सातारा

वरील सूचनांशी मी सहमत आहे, फक्त वाराविषयी वेगळे मत आहे. विश्वकोशाचे कार्यालय शासकीय असल्यामुळे शनिवारी आणि रविवारी बंद असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, तेथे ग्रंथालयातील माणसांनी बंद दार पाहून परतावे, हे मला पटत नाही. प्राचार्यांना विनंती करून शुक्रवार मागून घ्यावा आणि कार्यालयाला आधी पत्र पाठवावे. सुट्टी मिळालीच नाही, तर रविवारी जाताना निदान तर्कतीर्थ जेथे शिकले त्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेवरून जावे.

गुडघ्यांच्या बाबतीत असे करावे की, ज्यांना त्रास आहे त्यांनी पाण्यापर्यंत उतरण्याचा हट्ट धरू नये. मंदिराजवळ बसूनही नदी दिसते. मेणवलीच्या वाड्यातले जुने जिने अरुंद आहेत. तेथे सोबत एक माणूस असावा.

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरीही अनुभवावरून सांगतो. सर्वांकडून सारखी वर्गणी काढू नये. आमच्या वेळी ती काढली आणि दोन परिचर घरी काम असल्याचे सांगून आलेच नाहीत. खरे कारण मला फार उशिरा कळले, आणि त्याची खंत आजही वाटते. पगाराच्या प्रमाणात रक्कम ठरवावी किंवा वरिष्ठांनी परस्पर भार उचलावा, पण ती चर्चा सर्वांसमोर करू नये.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. वर्गणीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी आणि ग्रंथपाल सरांनी आज तो आपसांत मिटवला. प्राचार्यांनी पुढच्या महिन्यातील एक शुक्रवार मंजूर केला असून विश्वकोश कार्यालयाला पत्रही गेले आहे. महाबळेश्वर रद्द झाल्याने दोघे थोडे नाराज आहेत, पण माशाच्या आकाराच्या भिंतीबद्दल ऐकून त्यांचेही कुतूहल जागे झाले आहे. मावशींनी आम्हा नऊ जणांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणायचे ठरवले होते. त्या दिवशी त्यांनी काहीही करायचे नाही, असे सांगितल्यावर त्या रुसल्या, म्हणून चटणीपुरती परवानगी दिली आहे.